इथं काय टाकू?

श्रोतेहो, नमस्कार.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडसमोर एक कॅसेटचं दुकान होतं. वहीच्या पानावर आवडीची गाणी लिहून न्यायची. दुकानदार विचारायचा, "साठ मिनिटांची की नव्वदची?" दोन दिवसांनी कॅसेट भरून मिळायची. शेवटी दोन-तीन मिनिटं उरत असली, तर तो विचारायचा, "इथं काय टाकू?" माझ्या वडिलांच्या कॅसेटवर मात्र त्यानं न विचारताच एक अभंग भरून दिला होता. वडील दुकानात आले की काय गुणगुणतात, हे त्याच्या ध्यानात होतं.

हा धंदा बेकायदा होता. गायकाला, वादकाला, कवीला त्यातून छदामही मिळत नसे. त्याचं आज वाईट वाटतं. पण गिऱ्हाइकाला काय हवंय, हे त्या माणसाला कळत होतं. कंपनीच्या कॅसेटमधली आठातली दोनच गाणी आवडली, तरी पैसे आठांचे मोजावे लागत.

अमेरिकेतही हेच दुखणं होतं. एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्या! १९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि लोक इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. कंपन्या कोर्टात गेल्या, २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. लोक दुसरीकडे वळले. मग सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेनं थेट २६१ जणांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईनं दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. गाण्याचं वेड असलेलं पोर म्हणजे उद्याचं हक्काचं गिऱ्हाईक, आणि त्यालाच कोर्टाचा कागद!

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ॲपलनं ९९ सेंटला एक सुटं गाणं विकायला काढलं होतं. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. पैसे द्यायला लोक तयार होते, हवं ते विकायला कोणीतरी बसायला हवं होतं.

२००५ मध्ये तर कहर झाला. सोनी बीएमजीच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या, की नक्कल रोखणारा एक प्रोग्रॅम आत लपून बसायचा आणि व्हायरसला वाट मोकळी करून द्यायचा. फुकट्यांचं काहीच बिघडलं नाही. नुकसान झालं ते दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांचं. ओरड झाल्यावर कंपनीनं त्या सीडी परत मागवल्या.

वडिलांच्या कॅसेटवरचा तो अभंग आता घरघरतो. मोबाइलवर पुष्कळ शोधला, मिळाला नाही. ज्या कंपनीचं ते ध्वनिमुद्रण, तिला मी दोनदा पत्र लिहिलं. गायकाचं नाव, अभंगाची पहिली ओळ, सगळं कळवलं. विकत द्या, म्हटलं, लागेल ती किंमत देतो.

उत्तराची वाट पाहतोय.