जुनी एट हंड्रेड लागते आणि बंद पडते? आधी सेकंद मोजा

[कॅमेरा डॅशबोर्डवर. किल्ली फिरते, इंजिन लागतं, अडखळतं, बंद पडतं.]

ऐकलंत? लागली. एक, दोन, तीन, चार... गेली.

परत मारतो सेल्फ. लागली. एक, दोन, तीन, चार. गेली.

नमस्कार मंडळी! ही आमच्या बाबांची १९९८ची मारुती एट हंड्रेड. कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळतो तो कार्बोरेटर), ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि डॅशबोर्डवर हा हाताने ओढायचा, इंजिनची हवा कमी करणारा चोक. नव्या पोरांना हे बटण दाखवलं की विचारतात, काका, हे काय उघडतं? असो. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं पद्मिनीला, ॲम्बेसिडरला, जुन्या ओम्नीलाही लागू पडतं.

गाडी लागते आणि बंद पडते म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला हात कार्बोरेटरवर जातो. "कचरा आलाय साहेब, खोलावा लागेल." येतो कचरा, नाही असं नाही. पण पाना हातात घेण्याआधी एक फुकटचं काम करा. गाडी किती वेळाने बंद पडते ते मोजा. किल्ली सोडल्यासोडल्या? चार-पाच सेकंदांनी? दोन मिनिटांनी? का घाटात तापल्यावर? या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

किल्ली सोडल्यासोडल्या बंद पडत असेल, म्हणजे सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन लागलेलं आणि बोटं सैल केली की ठप्प, तर कार्बोरेटरला हातही लावू नका. तो करंटचा मामला आहे. किल्लीच्या स्विचमध्ये स्टार्टचा कॉन्टॅक्ट वेगळा आणि चालू राहण्याचा वेगळा. दुसरा झिजला, जळला, की किल्ली मागे आली त्या क्षणी ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा करंट जातो. टेस्ट लॅम्प घ्या, कॉइलच्या प्लसला लावा. किल्ली ऑनवर दिवा लागायला हवा. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून जातो, नंतर त्याच्यातून. तो तुटला तरी लक्षण अगदी हेच. विषय संपला, पुढे जाऊ.

आता चार-पाच सेकंदवाली. ही, जी तुम्ही आत्ता पाहिलीत.

[बॉनेट उघडतो. कॅमेरा इंजिनवर.]

लागताना इंजिनला पेट्रोल मिळालं, कारण मी ॲक्सिलरेटर दोनदा दाबला होता. दाबला की कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. त्या पिचकारीवर इंजिन लागतं. पिचकारी जळून गेली की पुढे आयडलिंगच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाच्या, बारीक रस्त्याने पेट्रोल यायला हवं, आणि ते येत नाहीये.

आता चोक अर्धा ओढून लावतो. बघा. चालतेय. चोक आत ढकलला... गेली. याचा अर्थ इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. आयडल जेट, म्हणजे त्याच रस्त्यावरचा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलेला, नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरतेय, नाहीतर हा इथला.

[कॅमेरा जवळ. कार्बोरेटरच्या कुशीतला बोटाच्या पेराएवढा पितळी-पांढरट नळकांडा, शेजारी त्याची सुटी वायर.]

हा फ्युएल कट सोलेनॉइड. किल्ली ऑन केली की आतली सुई मागे सरकते आणि आयडलिंगचा रस्ता उघडतो. किल्ली बंद, रस्ता बंद. नाहीतर काही गाड्या किल्ली काढल्यावरही धडधडत राहायच्या, जुन्या लोकांना आठवत असेल. आता कान द्या. किल्ली ऑन, इंजिन बंद. ही त्याची सुटी वायर टेकवतो.

[टिक.]

आला आवाज? परत.

[टिक.]

हा 'टिक' नाही आला तर एकतर वायरमध्ये करंट नाही किंवा सोलेनॉइड मेला. माझ्या गाडीत काय झालं होतं? ही वायर मीच व्हिडिओसाठी काढून ठेवली होती. पण तुमच्याकडे हे उंदीर करतो, किंवा एअर फिल्टरचा डबा बसवताना मेकॅनिकचा हात लागून होतं. या एका सुटलेल्या वायरीपायी किती कार्बोरेटर खोलले गेले असतील!

टिक व्यवस्थित येतोय? मग हवा शोधा. इंटेक मॅनिफोल्डला (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणारी नळी) येणारे सगळे रबरी पाईप हाताने वाकवून बघा. वीस-पंचवीस वर्षांचं रबर वाकवलं की भेगा तोंड उघडतात. चोक ओढून इंजिन चालू ठेवा, एकेक पाईप पकडीने हलकेच दाबून धरा, कुठला दाबल्यावर इंजिन सुधारतं ते बघा. कार्बोरेटरच्या बुडाशी जे गास्केट आहे तिथे चालू इंजिनवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा घेतेय. काही जण इथे पेट्रोल किंवा स्प्रे क्लीनर मारून दाखवतात. गरम इंजिनवर मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि प्लगवर पाणी मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर नवंच लचांड.

एवढं सगळं झाल्यावरच आयडल जेट काढायचा. तारेने टोकरायचा नाही, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. आणि मिक्स्चरचा (आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) स्क्रू फिरवण्याआधी तो आत हलक्या हाताने किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा.

आता तिसरा प्रकार. व्यवस्थित लागते, दोन-तीन मिनिटं चालते, मग मिसिंग मारत मारत बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबून परत मारली की परत लागते, परत तेच. इथे थोडं गणित करू. एवढंसं इंजिन आयडलिंगला तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितं. म्हणजे मिनिटाला दहा मिलिलिटरच्या आसपास. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे त्यातल्या छोट्या साठ्यात, पेट्रोल किती मावतं? कटिंग चहाच्या ग्लासापेक्षा कमीच. मागून नवीन आलं नाही तर तेवढ्यावर दोन-चार मिनिटं निघतात. म्हणून ही तक्रार टाकीपासून बाऊलपर्यंतच्या रस्त्याची.

पहिली तपासणी अगदी सोपी. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत गेली तर टाकीचा हवेचा रस्ता तुंबलाय. मग फिल्टर. मग एसी पंप. (एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे हो, मेकॅनिक लोक इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला एसी पंप म्हणतात.) इंजिन थंड असताना कॉइलच्या प्लसची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे येणारा पाईप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात यायला हवं. शेजारी कुणी विडी ओढत उभं नाही ना, ते आधी बघा.

आता माझी गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी याच गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ केला, पैसे दिले, घरी येईपर्यंत परत तेच. दुसऱ्यांदा साफ केला, पंपही नवा टाकला. परत तेच! शेवटी मी रविवारी चटई टाकून गाडीखाली शिरलो. टाकीजवळ लोखंडी नळी संपून रबरी पाईप सुरू होतो, तिथे क्लॅम्पखाली केसाएवढी चीर. खाली एक थेंब पेट्रोल नाही, वास नाही. कारण टाकी ते पंप या भागात पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. चीर पडली की तिथून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप बिचारा पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो. वीतभर पाईप आणि दोन क्लॅम्प, एवढाच इलाज होता.

हे आता जास्त का व्हायला लागलंय, तर पंपावर मिळणारं पेट्रोल बदललंय. वीस टक्के इथेनॉल. या गाडीच्या जन्माच्या वेळचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळाभर उभी असलेली गाडी दसऱ्याला लावायला गेलात की हमखास रडते. आणखी एक. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आपल्या कार्बोरेटरला बिचाऱ्याला काय कळणार, त्याच्या जेटचं भोक तेवढंच. त्यामुळे जी गाडी आधीच काठावर चालत होती ती आता आयडलिंगला दम तोडते. मिक्स्चरचा स्क्रू थोडा बाहेर घेऊन बघायला हरकत नाही, पण वर सांगितलेलं सगळं तपासून झाल्यावरच. आणि पाईप घेताना दुकानात 'इथेनॉल चालणारा फ्युएल होज' असं स्पष्ट मागा. नळाचा पाईप लावलेला मी पाहिलाय, म्हणून सांगतोय.

चौथा प्रकार, गरम झाल्यावर बंद पडणारी. घाट चढून वर आलात, चहाला थांबलात, परत आलात तर लागून लगेच बंद. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गरम बाऊलमधलं पेट्रोल उकळून इंजिनात गेलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. वास नसेल तर पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल, पंपावर ओलं फडकं टाका, जुन्या टॅक्सीवाल्यांचा तोडगा. दोन्हींनी नाही भागलं तर ठिणगी बघा. गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो. म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर सगळं ठीकच दिसतं.

[सोलेनॉइडची वायर जोडतो. चोक आत. किल्ली.]

चालू द्या तिला थोडा वेळ.

कमेंटमध्ये तुमची तक्रार लिहा. गाडी कुठली, कुठल्या सालची, चोक ओढल्यावर फरक पडतो का, आणि किती सेकंदांनी बंद पडते. नुसतं 'कार्बोरेटर दोनदा साफ केलाय' असं लिहिलंत तर माझं उत्तर येईल, पाईप बघितला का?