दयाळाचा सेशेल्समधला भाऊबंद

(दृश्य: सकाळचं रान. पाचोळ्यातून सरकणारं महाकाय कासव.)

कासवाने पाय टाकला की पाचोळा हलतो आणि खालून एखादी गोम बाहेर पळते. तेवढ्यासाठीच मागून एक काळाकुळकुळीत पक्षी टुणटुणत येतोय. कासव नसलं तर माणूसही चालतो. तुम्ही बुटाने पाचोळा उकरा, हा पावलाशी हजर!

पंखावरचा पांढरा डाग पाहून आपला दयाळ पक्षी आठवला ना? हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे मादी राखाडी असते, इथे नर-मादी दोघंही काळे. गळा मात्र तसाच गोड. सेशेल्सच्या क्रिओल भाषेत याला म्हणतात ‘पी सांतेझ’. सांतेझ म्हणजे गाणारी.

(दृश्य: समुद्रातून दिसणारं फ्रेगात बेट.)

हिंदी महासागरातल्या सेशेल्सबाहेर हा पक्षी जगात कुठेच नाही. एकेकाळी तिथल्या अनेक बेटांवर होता. मग नारळाच्या बागांसाठी रान तुटलं, जहाजांतून उंदीर उतरले, मांजरं आली. जमिनीवर चरणारा, कुणालाच न भिणारा हा पक्षी मांजरापुढे किती टिकणार? १९६५च्या सुमारास उरले पंधराहून कमी. तेही सगळे या एकट्या फ्रेगातवर, जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर.

पुढे फ्रेगातवरची मांजरं हटवली, तरी १९९० साली पक्षी होते वीस-पंचवीसच. मादी एका वेळी अंडं घालते एकच. त्यात ढोलीसाठी भांडायला साळुंकी टपलेली. हो, आपल्या गॅलरीत कलकलाट करणारी तीच साळुंकी! माणसाने तिला तिथे नेऊन सोडली. खरं सांगायचं, तर तिचा तरी काय दोष?

(दृश्य: झाडावर बांधलेली लाकडी पेटी.)

१९९०पासून घरट्यांसाठी पेट्या बांधल्या, शिवाय खाऊ पुरवला. काही पक्षी पकडून १९९४ साली कुझँ बेटावर नेले, नंतर कुझीन, आरीद आणि २००८मध्ये देनीवर. अशा बेटांवर उंदीर-मांजरं नसणं हीच पहिली अट. एवढं होत असताना फ्रेगातवरच १९९५मध्ये उंदीर घुसले. २०००मध्ये विषाचं आमिष टाकून ते संपवले, आणि विष पोटात जाऊ नये म्हणून बरेच पक्षी तेवढे दिवस पिंजऱ्यात सांभाळले.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत २००५ साली हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’मधून एक पायरी सुटला. आता तो नुसता ‘संकटग्रस्त’ आहे.

(दृश्य: पेटीच्या तोंडाशी पिल्लू. खाली पाचोळा उकरणारा बूट, शेजारी वाट पाहणारा पक्षी.)