तापलेली माती आणि जंगलाचा हिशेब
श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्ड फॉरेस्ट नावाचे संशोधनासाठी राखलेले जंगल आहे. हिवाळ्यात तिथे सगळीकडे बर्फ साचलेला असताना सहा मीटर लांबी-रुंदीचे काही चौकोन मात्र उघडे दिसतात, कारण त्यांच्याखाली दहा सेंटीमीटर खोलीवर विजेच्या तारा पुरलेल्या आहेत. जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली हा प्रयोग सुरू केला आणि त्या चौकोनांतील माती भोवतालच्या मातीपेक्षा सतत ५ अंश सेल्सिअसने गरम ठेवली. आणखी काही चौकोनांत तारा पुरल्या, पण वीज सोडलीच नाही. खोदकामाचा परिणाम उष्णतेच्या नावावर चढू नये, ही त्यामागची दक्षता. मला स्वतःला या प्रयोगातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

माती तापताच जिवाणू आणि बुरशी पाचोळ्याचे कुजलेले अंश जोमाने पचवू लागल्या आणि कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडू लागला. दहा वर्षांनी हा जोर ओसरला. तेव्हाच प्रयोग गुंडाळला असता, तर माती सावरली असे आपण खुशाल म्हणालो असतो. प्रत्यक्षात काही वर्षांच्या शांततेत सूक्ष्मजीवांची वस्तीच बदलत होती, आणि पुढे गळती पुन्हा वाढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार २६ वर्षांत वरच्या ६० सेंटीमीटर थरातील १७ टक्के कार्बन निघून गेला होता.

मात्र कुजण्यातून कार्बनबरोबर नायट्रोजनही मोकळा होतो, आणि त्या थंड प्रदेशातील झाडांना नेमकी त्याचीच चणचण असते. मुळांनी तो उचलला आणि झाडांची वाढ जोमाने होऊ लागली. मातीच्या तुलनेत लाकडाला नायट्रोजन फारच थोडा पुरतो, त्यामुळे मातीतून सुटलेल्या मूठभर नायट्रोजनावर खोडात बराच कार्बन बांधला जातो आणि गळतीची काही भरपाई होते.

आपल्या कोकणातील जांभ्या मातीला हा हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. उष्ण प्रदेशातील अशा जुन्या, पावसाने धुपलेल्या मातीत चणचण बहुधा फॉस्फरसची असते. नायट्रोजन काही जिवाणू हवेतूनही मिळवू शकतात. फॉस्फरस मुख्यतः खडक झिजूनच यावा लागतो, आणि जो येतो त्यातला बराचसा जांभ्यातील लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतात.