फुकटचं फेफडं आणि किलोचा भाव

नमस्कार. माईक येतोय ना मागपर्यंत? बरं. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, "कुत्र्यांसाठी परवडणारं मांस", आणि तो वाचून आत येता येता दोघा-तिघांनी मला विचारलं की ताई, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे, दुकानात जायचं आणि स्वस्त असेल ते आणायचं. तर हे जे "स्वस्त असेल ते" आहे ना, त्याच्यावरच मला बोलायचंय, कारण मी पाच-सहा वर्षं ते चुकीचं मोजत होते आणि त्यात एकदा घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ते सांगणारच आहे. शेवटी भांड्यात नक्की काय घालायचं तेही सांगते, ते मी कबूल केलंय.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे कुत्री आहेत, त्यामुळे कुत्रं का पाळावं वगैरे सोडून देऊ. माझ्याकडे तीन आहेत. एक कारवानी, म्हणजे आपल्याकडचं शिकारी जातीचं कुत्रं, जतकडून आणलेला. एक लॅब. आणि तिसरी गल्लीतली, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या जिन्यात येऊन बसली ती बसलीच, म्हणून तिचं नाव कृष्णा. तिघांचं मिळून वजन 75 किलोच्या आसपास. म्हणजे घरात अजून एक खाणारा मोठा माणूसच म्हणा ना, आणि तो मांस खाणारा.

पुराचं निघालंच आहे तर एक सांगते. त्या आठ-दहा दिवसांत चिकनचं एकही दुकान उघडं नव्हतं, भाजी नव्हती, दूध मिळालं तर मिळालं. मी ज्वारीची भाकरी, अंडी आणि ताक यावर तिघांना काढलं. लॅब रुसला, पण कारवानी मजेत होता, कारण त्याची आई, आजी, पणजी वाडीवर भाकरी-दुधावरच वाढलेल्या. तेव्हापासून मी शोधायला लागले की कुत्र्याला मांस लागतं म्हणजे किती लागतं. तर 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून बघितली, त्यात पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या दारात शिळी भाकरी खाऊन खाऊन ते शरीर बदललंय. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी ते आमच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. म्हणजे ताट भरून मांस लागत नाही, भाकरी चालते, पण मांसाचा जो वाटा आहे तो मात्र खरा मांसाचा पाहिजे. नुसतं कातडं आणि हाडं घालून "मी रोज नॉनव्हेज देतो" म्हणायचं, हे चालणार नाही.

आता मोजण्याचं. मी काय करायचे, दुकानात पाटीवरचा भाव बघायचे. आमच्या कोपऱ्यावर परवाचा भाव सांगते, तुमच्याकडे दहा-वीस रुपये इकडेतिकडे असेल. चिकनचे पाय 60 रुपये किलो. कलेजी-पेटा, म्हणजे कोंबडीचं काळीज आणि जठर, 140. बिनकातडीचं करी कट 220. बोनलेस 320. साहजिकच हात पायांकडे जातो. एकदा मी ठरवलं की सगळं शिजवून, हाडं निवडून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघायचं. चार दिवस तेच करत होते, ह्यांनी विचारलंसुद्धा की दुकान काढायचा विचार आहे का. (हशा)

किलोभर पाय कुकरला चाळीस मिनिटं शिजवले, नखं आणि हाडं काढली, उरलं 380 ग्रॅम. करी कटचं उरलं 480. बोनलेसचं 700, कारण पाणी सुटून आटतं. आणि पेट्याचं 640, त्यात हाड नाहीच. आता भाव काढा. करी कट खायच्या मांसाला पडतं साडेचारशेच्या वर, बोनलेसही तेवढंच, म्हणजे जे आपण "महाग, नको" म्हणून सोडतो ते आणि हाडाचं एकाच भावाला येतं. कलेजी-पेटा पडतो 219. पाय पडतात 158, म्हणजे अजूनही सगळ्यात स्वस्त तेच, पण ते 380 ग्रॅम म्हणजे काय आहे हे हातात घेऊन बघा, चिकट कातडं आणि दोऱ्यासारखे स्नायूबंध. ते सगळं कोलॅजन. प्रथिन आहे, नाही असं नाही, पण अर्धवट प्रथिन, त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं जे अमिनो आम्ल शरीराला बाहेरूनच मिळावं लागतं ते जवळजवळ नसतंच. पाय चव यायला घाला, सूप करायला घाला, पण पोट भरायला पेटा. हे एवढं जरी आज घरी घेऊन गेलात तरी मला बरं वाटेल.

आता ते मघाचं, जीव टांगणीला लागल्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण मला हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

आम्ही रविवारी मटण आणायचो. मटणवाले मामा चांगले, जुनी ओळख. लॅब गाडीत मागे बसलेला असायचा, त्याला बघून ते काळ्या पिशवीत बोकडाचं नाहीतर मेंढराचं फेफडं घालून द्यायचे. "वहिनी, हे पोराला घेऊन जा." पैसे घ्यायचे नाहीत. फेफडं म्हणजे फुप्फुस, हलकं, स्पंजसारखं, गिऱ्हाईक त्याला फारसं नसतं. मी घरी आणायचे, मागच्या अंगणात वरून कढत पाणी ओतायचे, कात्रीने तुकडे करायचे आणि तिघांना घालायचे. आतून कच्चंच असायचं ते. कुत्री वेडी व्हायची त्याच्यासाठी. दोन वर्षं, जवळजवळ दर रविवारी. मला वाटायचं काय नशीब आहे, फुकट मांस.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, ती शेजारी उभी राहून बघत होती. मी कात्री लावली तर एका जागी कडक लागलं. बघितलं तर लिंबाएवढी गाठ, पांढरट. कात्रीचं टोक घुसलं आणि त्यातून पाण्याची चिळकांडी उडाली, अगदी स्वच्छ पाणी, माझ्या गाऊनवर. आत पातळ पांढरा पापुद्रा, उकडलेल्या अंड्याचं टरफल काढताना निघतो ना तसा, आणि तळाला बारीक वाळूसारखे कण. भाची म्हणाली, "मावशी, यात अंडं आहे." मी कुत्र्यांना आत कोंडलं, ते सगळं स्टीलच्या डब्यात घातलं आणि तशीच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे किती दिवस कच्चं देताय?"

याला हायडॅटिड म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, चक्र लक्षात ठेवा. कुत्र्याच्या आतड्यात एक टेपवर्म असतो, अगदी छोटा, सहा-सात मिलिमीटरच्या आतच. कुत्र्याला त्याचा काही त्रास दिसत नाही, हेच वाईट, कुत्रं ठणठणीत दिसतं. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर जातात, मेंढरू ते गवत खातं, त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि फुप्फुसात अशा पाण्याच्या गाठी होतात. ते काळीज-फुप्फुस कच्चं कुत्र्याने खाल्लं की साधारण दीड-दोन महिन्यांत त्याच्या पोटात पुन्हा किडा तयार. आणि मधे आपण कुठे येतो? कुत्र्याच्या केसाला अंडं चिकटलेलं असतं, आपण कुरवाळतो, हात न धुता भाकरी मोडतो. मग मेंढराच्या जागी आपण. आपल्या काळजात गाठ होते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, कळतसुद्धा नाही, आणि कळली की बऱ्याचदा ऑपरेशन.

त्या रात्री मी झोपले नाही. लॅब तर सासूबाईंच्या पलंगावर झोपायचा. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघांनी, मी, हे, सासूबाई, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे केला. काही निघालं नाही. डॉक्टरांनी तिन्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेलच्या, म्हणजे जंताच्या, गोळ्या दिल्या, काही महिने दर दीड महिन्याने परत दिल्या, विष्ठा हातमोजे घालून उचलायची, अंगण धुवायचं. ते फुकटचं फेफडं आम्हाला किती हजारांना पडलं ते मी कधी मोजलं नाही, पैशाचं दुःख नव्हतंच. सासूबाईंनी रिपोर्ट येईपर्यंत लॅबला जवळ घेतलं नाही आणि तो दाराबाहेर बसून राहायचा, ते मला अजून आठवतं.

आणि यात माझी एक तक्रार आहे, ती मी प्रत्येक ठिकाणी बोलते. दुकानामागे जे टाकून देतात ना, गाठ आलेलं काळीज, फुप्फुस, ते कचऱ्याच्या डब्यातसुद्धा जात नाही, गल्लीतल्या कुत्र्यांपुढे भिरकावतात, दया म्हणून. त्यात दयाच असते, मला मान्य आहे. पण तीच कुत्री मग माळावर फिरतात जिथे मेंढरं चरतात. न्यूझीलंडमध्ये मेंढरं किती, तुम्हाला माहितीच आहे, तिथे हा रोग घरोघरी होता. त्यांनी 1959 मध्ये कायदा केला, गावोगाव कुत्र्यांना औषध द्यायचं ठरवलं, मेंढरू कापलं की कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालायचं नाही असा नियम केला, आणि 2002 साली देश या रोगातून तात्पुरता मुक्त झाल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला ते कुत्र्यांना जे औषध द्यायचे ना, अरेकोलिन, ते सुपारीत असतं. आपली सुपारी. आपल्याकडे तर प्रत्येक टपरीवर ती, आणि हे कुणाला माहीत नाही. एक साधा बंद डबा दुकानामागे ठेवला तरी अर्धं काम होईल हो.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिली म्हणतात. बरं. मग भराभर घेते, लिहून घ्या.

फेफडं द्यायचं असेल तर द्या, वाईट नाही, चरबी कमी असते, पण तुकडे करून पूर्ण अर्धा तास उकळून, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत. गाठ दिसली तर सगळंच टाकून द्या, आणि उघड्यावर नाही, पुरून. वजडी, म्हणजे जनावराचं पोट-आतडी, स्वस्त मिळते, चांगली धुऊन, तीही शिजवून. कच्चं मांस देण्याची फॅशन आलीये, "नॅचरल" म्हणून, मी तुम्हाला हात जोडून सांगते, आपल्या दुकानातलं, आपल्या उन्हात तीन तास टांगलेलं मांस कच्चं देऊ नका. नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, जानेवारी 2025 मध्ये बातमी आली, खाद्यातून आला असावा असा संशय होता. वाघाचं ते, तर आपलं काय.

म्हशीचं ज्यांच्या घरात चालतं त्यांना ते मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, 2015 पासून राज्यात बैलाचंही बंद झालं तरी म्हशीवर ती बंदी नाही. मासे म्हणाल तर तारली. काटे कुकरमध्ये विरघळतात, तेल कातडीला चांगलं. सुके बोंबील नकोत, मीठ फार. आणि श्रावणात चिकनचा भाव उतरतो, फ्रीझर असेल तर तेव्हा भरून ठेवा, पाव किलोच्या पिशव्या करून.

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे हजार कॅलरी लागतात. त्याचं माझं प्रमाण असं: अडीचशे ग्रॅम कच्चं वजन मांस, त्यात दीडशे पेटा आणि बाकी मान किंवा करी कट, दोन ज्वारीच्या भाकऱ्या किंवा तेवढा भात, मूठभर लाल भोपळा, चमचाभर तेल. वजन वाढायला लागलं की भाकरी कमी करा, लॅबचं तर दर महिन्याला वजन करा. कलेजी आठवड्यातून दोनदाच, पन्नास ग्रॅम, कारण कलेजीत ए जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिली तर साचून हाडं धरतात. पेटा आणि कलेजी एकत्रच देतात दुकानात, तर वेगळं करून घ्या, सांगितलं की देतात. आठवड्यातले दोन दिवस मांसाऐवजी अंडी चालतात.

हाड. शिजलेलं हाड काटकीसारखं मोडतं, टोक आतड्यात घुसतं. एकतर निवडून काढा नाहीतर कुकरला इतकं शिजवा की दोन बोटांत धरून चुरडलं तर पीठ झालं पाहिजे. बोटात टोचलं तर ते हाड भांड्यात जाणार नाही, बस. पण हाड काढलं की कॅल्शियम जातं, नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, म्हणून अंड्याची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरला अगदी मैद्यासारखी दळायची, वीस किलोला रोज अर्धा चमचा. ही गोष्ट लोक सगळ्यात जास्त विसरतात आणि मग पिल्लांचे पाय वाकतात. पिल्लू असेल, किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण चालणार नाही, डॉक्टरांना विचारा.

हां, काका विचारताहेत उरलेला तांबडा रस्सा भाकरीवर घातला तर? नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असला तरी, आणि रस्सा धुऊन मांस दिलं तरी तो त्यात मुरलेला असतो. कुत्र्याचं आधी बाजूला काढायचं, मग फोडणी. आमच्याकडे आधी त्यांचा कुकर होतो, मग आमचा.

आणि त्या मागच्या वहिनी, तुमच्या घरात शाकाहार आहे म्हणालात मघाशी. अंगणात किंवा गॅलरीत वेगळी शेगडी आणि जुना कुकर, पुष्कळ घरांत असं चाललंय. मिक्सरचं भांडं मात्र टरफलांसाठी वेगळंच ठेवा, तो वास जात नाही. माझ्याकडे एक जास्तीचं आहे, झाकण नाहीये, पण पातं धारदार आहे. हवं असेल तर जाताना घर दाखवते, घेऊन जा.