होय म्हणजे नेमकं कशाला होय?

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. खिडकीतून येणारं तिरपं ऊन. एक हात जाड लिफाफा उलटासुलटा करून पाहतो.)

ऑक्टोबर २०२४. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला, टेकड्यांच्या पायथ्याशी आमचं घर आहे. टेबलावर पोह्यांचा डबा, आईचा चष्मा आणि दुपारच्या टपालाने आलेला हा लिफाफा.

आई विचारते, "कसली नोटीस गो?"

नोटीस नाही, मतपत्रिका. कॅलिफोर्नियात आता प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला ती घरी येते. करोनाच्या वर्षी सोय म्हणून सुरू झालं आणि २०२१ मध्ये कायमचं झालं. निवडणुकीच्या २९ दिवस आधीपासून टपालात पडायला लागते. म्हणजे मतदान ५ नोव्हेंबरला असलं, तरी मतदान केंद्र महिनाभर आपल्या टेबलावर पडून असतं. त्यावर कोणी चहाचा कप ठेवू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

मी लिफाफा फोडते. आत लांबलचक कार्डं, दोन्ही बाजूंनी छापलेली. आई वितीने एक मोजते. दोन विती भरतात.

"ह्या काय? एलआयसीचो फॉर्म?"

या घरात माणसं तीन, पण मत एकच, माझं. मी नागरिकत्वाची शपथ घेतली, भारताचा पासपोर्ट परत केला, आणि सावंतवाडीच्या यादीतलं माझं नाव गेलं. नवऱ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, तो कर भरतो, पण मत देऊ शकत नाही. आई पाहुणी. तिचं मत सावंतवाडीत. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेची तारीख जाहीर झाली, २० नोव्हेंबर, तेव्हा तिने सगळ्यात आधी आपलं परतीचं तिकीट काढून पाहिलं. दहा तारखेचं होतं. मग निवांत झाली.

(दृश्य: मतपत्रिकेचा पहिला स्तंभ. बोट नावांवरून खाली सरकतं.)

वरची नावं सोपी. राष्ट्राध्यक्ष, मग सिनेट. इथे आई थांबते. "ही दोन नावं दोनदा कशी? छापताना चूक झाली?"

चूक नाही. सिनेटर डायान फाइनस्टाइन सप्टेंबर २०२३ मध्ये वारल्या. नोव्हेंबरच्या मतदानानंतर त्यांच्या मुदतीचे शेवटचे काही आठवडे उरत होते, त्यासाठी एक निवडणूक. जानेवारीपासून सुरू होणाऱ्या पुढच्या सहा वर्षांसाठी दुसरी. दोन्हीकडे तेच उमेदवार, अॅडम शिफ आणि स्टीव्ह गार्वी. एकाच माणसाला दोनदा मत द्यायचं, किंवा हवं तर एकदा याला, एकदा त्याला.

खाली आणखी नावं आहेत, आणि कधीकधी दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे. राष्ट्राध्यक्षपद सोडलं तर इथे प्राथमिक फेरीत सगळे पक्ष एकाच यादीत असतात आणि पहिले दोघं पुढे जातात. नवरा म्हणतो, "म्हणजे पक्ष बघून शिक्का मारायची सोय नाही." शाळा मंडळाच्या नावांपुढे तर पक्षच लिहिलेला नसतो. तिथे मी दोन संध्याकाळी घालवल्या, आणि खरं सांगायचं तर शेवटी शेजारणीला विचारलं.

पण या मतपत्रिकेचा खरा जीव मधल्या स्तंभात आहे. तिथे माणसं नाहीत, प्रश्न आहेत. दहा प्रस्ताव. लोक 'प्रॉप' म्हणतात. प्रॉप २ ते ६, आणि मग एकदम ३२ ते ३६. प्रत्येकापुढे दोन गोळे, होय आणि नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रेल्वे इंजिन, विधिमंडळाची इमारत.)

हे आलं कुठून? १९११ मधून. तेव्हा सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी या राज्याचं विधिमंडळ खिशात घालून फिरत असे. तिच्याविरुद्ध रान उठवून हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले आणि त्यांनी लोकांच्या हातात तीन हत्यारं दिली. सह्या गोळा करून स्वतःच कायदा मांडायचा, विधिमंडळाचा कायदा मतदानाला ओढून आणायचा, आणि निवडून दिलेल्याला मध्येच घरी पाठवायचं. १० ऑक्टोबर १९११ ला मतदान झालं. त्याच दिवशी, त्याच मतदानात, कॅलिफोर्नियाच्या बायकांना मताचा हक्क मिळाला, अवघ्या ३,५८७ मतांच्या फरकाने. सॅन फ्रान्सिस्को शहराने त्याला नाही म्हटलं होतं. हे सांगितल्यावर आईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "आणि तिथे तू नोकरीला जातेस."

रेल्वे कंपनीला रोखायला आणलेलं हत्यार पुढे कंपन्यांनीच उचललं. २०२० मध्ये उबर, लिफ्ट आणि डोअरडॅश या मंडळींनी प्रॉप २२ साठी २० कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला. प्रश्न होता, चालक हा कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार. मतदारांनी कंपन्यांच्या बाजूने कौल दिला.

(दृश्य: माहितीपुस्तिकेची पानं उलटतात. कोपऱ्यात पिवळा हायलाइटर.)

राज्य सरकार घरोघर एक पुस्तिका पाठवतं. प्रत्येक प्रस्तावाचा गोषवारा, तो खर्चात किती पडेल याचा निष्पक्ष विश्लेषकाने केलेला हिशेब, बाजूचं म्हणणं, विरोधातलं म्हणणं, एकमेकांना दिलेली उत्तरं, आणि शेवटी कायद्याचा पूर्ण मजकूर. ती हिंदीतही मिळते. मी आईसाठी हिंदीतली पानं छापून आणली. देवनागरी म्हटल्यावर तिने ती माझ्या हातातून घेतलीच, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली निवडणूक अधिकारी तीच.

तिचा एकच नियम. "होय म्हटला तर काय होतला, नि नाय म्हटला तर काय होतला, ता सांग आधी."

सोपा वाटतो. तसा नाही. दोन वर्षांपूर्वीचंच बघा, २०२२ चा प्रॉप ३१. विधिमंडळाने स्वादाच्या तंबाखूवर बंदी आणली. तंबाखू कंपन्यांनी सह्या गोळा करून तो कायदा मतदानाला आणला. आता ज्यांनी प्रश्न मतपत्रिकेवर आणला, त्यांनाच 'नाही' हवं होतं, आणि ज्याला बंदी हवी त्याने 'होय' म्हणायचं. प्रस्ताव तंबाखूवाल्यांचा म्हणून रागाने 'नाही'वर खूण केलीत, तर मत तंबाखूलाच.

म्हणून आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर दोन प्रॉप घ्यायचं ठरवलं. जास्त घेतले की नवरा झोपतो.

प्रॉप २ आणि ४, दोन्ही कर्जरोख्यांचे. एक शाळांच्या इमारतींसाठी, एक पाणी, वणवे आणि हवामानासाठी. प्रत्येकी १० अब्ज डॉलर. पुस्तिकेतल्या हिशेबाप्रमाणे शाळांचं कर्ज फेडायला वर्षाला ५० कोटी, ३५ वर्षं. आईने पानाच्या मागे गुणाकार मांडला. साडेसतरा अब्ज. "दहा घेऊन साडेसतरा द्यायचे. घर घेताना तुमी पण ताच केलास ना?" जावयाने मान डोलावली. शाळांना होय झालं.

प्रॉप ३३ आणि ३४ वर मात्र तीन रात्री गेल्या.

३३ घरभाड्याचा. १९९५ च्या एका राज्य कायद्याने शहरांचे हात बांधलेत. स्वतंत्र घरांवर आणि त्यानंतर बांधलेल्या इमारतींवर भाडेनियंत्रण लावता येत नाही. तो कायदा रद्द करा, असं ३३ म्हणतो. यामागे पैसा लावणारी संस्था म्हणजे एड्स हेल्थकेअर फाउंडेशन. २०१८ आणि २०२० मध्येही त्यांनी भाड्याचा प्रश्न आणला होता आणि दोन्ही वेळा हरले.

आता ३४. वाचताना वाटतं, औषधांच्या पैशांचा काहीतरी हिशेब आहे. काही आरोग्यसंस्थांनी औषधविक्रीतून मिळणारं ९८ टक्के उत्पन्न थेट रुग्णसेवेवरच खर्च करावं. छान. कोण नाही म्हणेल? आई म्हणाली, "ह्याला होय करून टाक."

मग विश्लेषण वाचलं. नियम सगळ्यांना नाही. ज्या संस्थेने दहा वर्षांत रुग्णसेवेबाहेर १० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, जिच्याकडे राहण्याच्या इमारती आहेत, आणि त्या इमारतींवर आरोग्य-सुरक्षेच्या गंभीर नियमभंगाच्या किमान ५०० नोंदी आहेत, फक्त तिलाच. असं मोजून मापून शिवलेला अंगरखा कोणाच्या अंगात बसतो? त्याच एड्स हेल्थकेअर फाउंडेशनच्या. आणि शिंपी कोण? घरमालकांची संघटना. म्हणजे ३४ हा औषधांचा प्रश्नच नव्हता. तो ३३ ला दिलेला धपाटा होता.

संस्थेच्या इमारतींच्या तक्रारी खऱ्या असतील, तर त्यांच्यावर कारवाई व्हावी, माझं काही म्हणणं नाही. पण एका विरोधकाला गप्प करण्यासाठी सबंध राज्याला मतदानाला बसवायचं, हे मला पटलं नाही. मी 'नाही'वर खूण केली. आईने हिंदी पुस्तिकेत ३४ च्या पानावर पेन्सिलने एक शब्द लिहिला: 'लबाड'.

निकाल लागला तेव्हा ३३ आपटला आणि ३४ थोडक्यात पास झाला.

(दृश्य: पुस्तिकेतलं एक पान. अर्धं पान मोकळं.)

आणि हा प्रॉप ६. याच्या विरोधातलं म्हणणं जिथे छापायचं, तिथे कोणीच काही दिलं नव्हतं. विरोधकच नाही! कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत एक अपवाद आहे, शिक्षा म्हणून कैद्यांकडून सक्तीने काम करून घेता येतं. तो अपवाद काढून टाका, एवढंच म्हणणं. मला वाटलं, हा तर आरामात पास होणार.

पडला. विरोधात एक ओळही छापलेली नसताना मतदारांनी नाही म्हटलं. गंमत म्हणजे शेजारच्या नेवाडात त्याच दिवशी असाच प्रश्न होता आणि तो पास झाला. फरक एका शब्दाचा असावा, असं माझं मत आहे. नेवाडाच्या प्रश्नात 'गुलामगिरी' हा शब्द होता. कॅलिफोर्नियाच्या प्रश्नात फक्त 'इच्छेविरुद्धची चाकरी' अशा अर्थाचा कायद्यातला जडजंबाल शब्दप्रयोग. गुलामगिरी काढायची का म्हटलं की हात आपोआप होयकडे जातो. चाकरी म्हटलं की माणूस म्हणतो, तुरुंगात आहे तर करू दे की काम.

"आमच्याकडे शब्दच नव्हते," आई मध्येच म्हणाली. "फूल आणि दोन पानां."

(दृश्य: डिचोलीचा बाजार, आजचा. मग एक जुना कौटुंबिक फोटो.)

आई डिचोलीची. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल, वेगळा केंद्रशासित ठेवायचा तर दोन पानं. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं चित्र. तिचे वडील फुलाचे. मडगावचा मामा दोन पानांचा. मामाकडे 'राष्ट्रमत' यायचं, मराठीत छापून मराठी राज्यात जायला विरोध करणारं. त्या महिन्यात वडील आणि मामा एका पंगतीला बसले नाहीत.

१,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी फूल हरलं.

आणि पुढची गोष्ट आई नेहमी सावकाश सांगते. विलीनीकरणाचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विरोधात गेला. आणि मग दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, तेव्हा त्याच गोव्याने त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. "माणूस आमचो, पण प्रश्न वेगळो," आई म्हणते.

हे ऐकताना मी प्रॉप ३६ च्या पानावर होते. २०१४ मध्ये मतदारांनीच चोरी आणि अमली पदार्थांच्या काही शिक्षा सौम्य केल्या होत्या. ३६ त्या पुन्हा कडक करायला सांगत होता. गव्हर्नर न्यूसम विरोधात. नोव्हेंबरमध्ये याच राज्याने कमला हॅरिसना घसघशीत मतं दिली आणि त्याच कागदावर, हॅरिसच्याच पक्षाच्या गव्हर्नरचं न ऐकता, ३६ ला त्याहून जास्त.

(दृश्य: काळ्या शाईचं पेन. गोळा भरला जातो. आवाज फक्त घड्याळाचा.)

शेवटच्या रविवारी सगळं भरलं. किमान वेतनाच्या प्रॉप ३२ वर माझं आणि नवऱ्याचं जमलं नाही. १६ चे १८ डॉलर. तो म्हणाला, मत तुझं आहे. मग मी एकटीने ठरवलं, आणि काय ठरवलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही. एक स्थानिक प्रश्न मला शेवटपर्यंत कळला नाही. तो कोरा सोडला. कोरा सोडला तरी बाकीची मतं धरतात.

लिफाफ्यावर सही करायची. ती नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळवून पाहतात. माझी सही मराठीत आहे, शाळेत शिकले तशी. आई शेजारी उभी. "वेलांटी नीट काढ," म्हणाली.

टपालाचं तिकीट लागत नाही, तरी आम्ही तिघं चालत वाचनालयाबाहेरच्या पेटीपर्यंत गेलो. आईने लिफाफा स्वतः आत टाकला. दोन दिवसांनी फोनवर मेसेज आला, तुमची मतपत्रिका मिळाली. नंतर आणखी एक, मोजणीसाठी स्वीकारली. आईने दोन्ही मेसेज मला मोठ्याने वाचायला लावले.

(दृश्य: व्हॉट्सअॅपवरचा फोटो. डाव्या तर्जनीवर शाईची रेघ, मागे शाळेचं फाटक.)

२० नोव्हेंबर. सावंतवाडीहून फोटो. मी फोन केला.

"झालं?"

"झाला. रांगेत दीड तास, आत दोन मिनिटां."

"चिठ्ठी दिसली का मशीनच्या काचेत?"

"दिसली गो. सात सेकंद. वाचून घेतलंय."