दोन गोळ्या उरल्या

हे हात पाहा. चेहरा दिसणार नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्याची ओळख त्याच्या संमतीवाचून उघड करायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही चेहरा दाखवला नसता.

डबी कागदावर उपडी होते. समुपदेशक ताई पेनाच्या टोकानं गोळ्या सारतात. डबीत 30 होत्या, 28 दिवस झाले, 2 उरल्या. एकही रात्र चुकलेली नाही. हिरव्या पुस्तकात नोंद होते, नवी डबी हातात येते. रोज एकच गोळी. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तिन्ही औषधं तिच्यातच.

इथवर यायला बरीच वर्षं लागली. 1 एप्रिल 2004 ला देशातल्या 8 सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. तेव्हा गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागत, आणि त्याही साधारणपणे सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी, 200 च्या खाली घसरल्यावरच सुरू होत. ही मर्यादा पुढे 350 झाली, मग 500. 2017 मध्ये ती काढूनच टाकली. आता निदान झालं की उपचार.

पण गोळी मोफत असून भागत नाही. एसटीचं तिकीट लागतं, दिवसाची रोजंदारी बुडते, आणि गावात कुणीतरी विचारतंच, दर महिन्याला जिल्ह्याला कशाला जाता? म्हणून तालुक्याच्या रुग्णालयातली ही छोटी खोली. लिंक एआरटी सेंटर. मोठ्या केंद्रात उपचार सुरू होतात, तब्येत स्थिरावली की डबी इथंच मिळते. या साऱ्या यंत्रणेत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच खोली.

ही थंड पेटी व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या चाचणीच्या, नमुन्यांची. उपचारानं रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य ताई प्रत्येक जोडप्याला दोनदा सांगतात.

गोळ्या मध्येच सुटल्या तर विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासाही होऊ शकतो. जे आले नाहीत, त्यांना संध्याकाळी फोन जातील.

बाकावरून कुणीतरी उठतं. पिशवीतून डबी निघते. ताई कागद सरळ करतात.