स्टॉक अंगाला बसला पाहिजे

रायफल कुठली, कितीला पडली, हे सगळेच विचारतात. स्टॉक, म्हणजे रायफलचा खांद्याला-गालाला टेकणारा भाग, अंगाला बसलाय का हे फारसं कोणी विचारत नाही, आणि खरी भानगड तिथेच असते बघा.

हे 10 मीटर एअर रायफलचं टार्गेट. मधला 10 चा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एका रिंगपासून दुसरी अडीच मिलिमीटरवर. आता नेम धरायच्या दोन साइट, एक डोळ्याजवळ, एक नळीच्या टोकाशी, त्यांच्यात साधारण 80 सेंटीमीटर अंतर धरा. त्यांची लाइन 0.2 मिलिमीटर सरकली की टार्गेटवर अख्खी रिंग गेली. केसाएवढी चूक म्हणतात ना, तेवढीच.

दादरच्या या रेंजवर ही मुलगी आज नवीन स्टॉक सेट करतेय. मे महिना, दमट हवा, तरी अंगात ते जाडजूड जॅकेट आहेच, कारण टी-शर्टवर लांबी सेट केली आणि मॅचला जॅकेट चढवलं की बट, म्हणजे स्टॉकचं मागचं टोक, खांद्यात रुततो आणि सगळं गणित बिघडतं. त्यामुळे तिचे कोच, सर, पहिलं तेच बघतात, बूट, जॅकेट, ग्लोव्ह, सगळं घातलंय ना. मग बटप्लेट, म्हणजे बटचा खांद्याला टेकणारा तुकडा, पुढे-मागे करून स्टॉकची लांबी. ट्रिगरवर बोट सहज पोचलं पाहिजे, मनगट वळायला नको.

आता चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग. इथे कॅमेरा थोडा जवळ नेतो.

"सर, मान दुखतेय."

"दुखणारच गं, तू मान खाली घालून साइट शोधतेयस. डोकं सरळ ठेव, चीकपीस वर घे."

ॲलन कीने स्क्रू सैल, चीकपीस थोडासा वर, परत घट्ट. ती गाल टेकवते, डोकं नुसतं ठेवलंय, दाबलेलं नाही. मागच्या साइटच्या भोकात पुढची रिंग बरोब्बर मधोमध दिसतेय. गाल दाबून मधोमध आणली तर ती पहिल्या दहा शॉटला टिकते, मॅच 60 शॉटची असते.

आता ही टेस्ट मला सगळ्यात आवडते. रायफल उचलायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं (ही उजव्या हाताने ट्रिगर ओढते म्हणून डावं), डोळे बंद, दोन-तीन श्वास, आणि डोळे उघडायचे. पुढच्या साइटची रिंग टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेली असेल तर रायफल ढकलायची नाही, पाय सरकवायचे. खाली आली असेल तर बटप्लेट स्टॉकवर किंचित वर घ्यायची, म्हणजे मागचा भाग खाली बसतो आणि नळी वर येते. उलटं वाटतं ना? हिलाही वाटलं, तिने आधी खालीच सरकवली होती.

एका वेळी एकच बदल, हे सर दहादा सांगतात. दोन स्क्रू एकदम फिरवले तर फरक कशाने पडला ते देवालाच ठाऊक. स्टॉकवरच्या प्रत्येक मोजपट्टीवरचा आकडा ती वहीत लिहून ठेवते, कारण स्क्रू सैल होतात, आणि प्रवासात रायफल खोलून बॅगेत भरावी लागली तर तेच आकडे परत लावता येतात.

50 मीटर थ्री पोझिशनवाल्यांना तर हे मॅच चालू असतानाच करावं लागतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं तो हाच इव्हेंट, नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं झोपून), स्टँडिंग (उभं राहून), आणि तिन्हीत स्टॉकची सेटिंग वेगळी.

इथे मात्र झीरो करायचं, म्हणजे नेम तिथेच छर्रा लागेल असं साइट जुळवायचं, बाकी आहे. गाल हलला म्हणजे डोळा हलला, म्हणून साइटचे क्लिक, म्हणजे ती सरकवायचे बारीक टप्पे, नव्याने बघायला लागतात. पाच शॉट झालेत, ग्रुप छान जमलाय, म्हणजे छर्रे जवळजवळ पडलेत, पण सातच्या रिंगमध्ये, डावीकडे. सर म्हणतात, "ग्रुप जमलाय ना, मग स्टॉकला हात लावू नको. क्लिक दे."